कालवा, तलाव आणि गिरणी : कापसाच्या वाटेवरील एक सहल

(केळापूर तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात पांढरकवडा येथे दिलेले व्याख्यान)



मेळाव्याच्या चालकांनी मला ‘शैक्षणिक सहल’ हा विषय नेमून दिला, तेव्हा ह्या विषयावर आपणांस नवीन ते काय सांगावे, असा विचार प्रथम माझ्या मनात आला. सहली आपण सर्वजण नेतोच. मुले शिदोरी बांधून येतात, देवदर्शन होते, एखादे धरण वा कारखाना पाहण्यात येतो, आणि दुसऱ्या दिवशी ‘आमची सहल’ हा निबंध लिहून घेतला की आपले कर्तव्य संपले असे आपण मानतो. मीही अनेक वर्षे तसेच मानीत होतो. तो समज कशामुळे ढळला, एवढेच सांगून मी मूळ विषयाकडे वळतो.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ह्याच तालुक्यातील एका खेड्यात मी सातवीच्या वर्गास शिकवीत होतो. मोठ्या खटपटीने मी मुलांना नागपुरास नेऊन एक कापडाची गिरणी दाखविली. कापूस पिंजण्याच्या खात्यापासून मागांच्या खात्यापर्यंत आम्ही फिरलो. चात्या किती, माग किती, दिवसाकाठी कापड किती निघते, हे सारे मी मुलांकडून वहीत उतरवून घेतले. परत निघावयाच्या वेळी पांढऱ्याशुभ्र पेळूंनी भरलेल्या डब्यांपाशी एक मुलगी थबकली. तिचे हात वेचणीने खरवडलेले होते. कारण सहलीचे पैसे भरता यावेत म्हणून आधीचे काही दिवस ती आईबरोबर मजुरीने वेचणीस गेली होती. ती मला म्हणाली, “गुरुजी, याच्यात आमचा कापूस कोनता जी?” बाकीची मुले हसली. मीही हसलो आणि ‘चला, उशीर होतो आहे’ असे म्हणून पुढे निघालो.

तो प्रश्न खुळा नव्हता. त्या दिवशी त्या गिरणीत विचारला गेलेला तोच एक खरा प्रश्न होता, हे कळावयास मला बराच काळ लागला. मी मुलांना यंत्रे दाखविली. परंतु यंत्रांचा आणि त्यांच्या घरचा संबंध दाखविला नाही. आपल्या तालुक्यात कापूस हे केवळ पीक नव्हे. लग्न, औषध, वह्यापुस्तके, दुकानाची उधारी, सारे कापसाच्या भावावर ठरते. ज्या मुलाचे अवघे घर कापसावर उभे आहे, त्याला कापसाची उंबरठ्यापुढची वाट ठाऊक नसावी, ही आपल्या शिक्षणातील उणीव आहे. ती एका सहलीने कशी भरून काढता येईल, हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय होय. ह्या सहलीचे तीन मुक्काम आहेत. पहिला गावाजवळचा आहे, दुसरा इतका दूर आहे की तेथे आपण शब्दांनीच जाऊ शकतो, आणि तिसरा नागपुरास आहे.

पहिला मुक्काम कालव्याचा. खुनी नदीवरील सायखेड्याचे धरण आपणांस परके नाही. मुलांना कालव्याच्या काठी न्यावे आणि विचारावे की नदीही वाहते आणि कालवाही वाहतो, मग दोहोंत फरक तो कोणता? थोडे थांबले तर मुलेच उत्तर शोधतात. नदी आपल्या मनाने उतार शोधीत खाली जाते. कालव्याला मात्र माणूस अगदी अल्प उतार देतो, म्हणून तो उंचावरूनच चालत राहतो. काही अंतर गेल्यावर नदी खाली आणि कालवा वर, अशी स्थिती होते. ही जी पातळीतील तफावत, तिचा उपयोग दोन प्रकारे होतो. पाणी शेतात सोडले तर ते ओलीत होते. तेच पाणी एकदम खाली सोडून वाटेत चक्र धरले तर ती शक्ती होते. कोलाम पोडांवरील मुले आपल्या वर्गांत आहेत. बांबूच्या कामात त्यांच्या घरच्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांना बांबूच्या कामट्यांचे लहानसे चक्र करावयास सांगावे, आणि ते काठावरील एखाद्या उथळ पाटाच्या धारेत धरावे. ते फिरू लागताच वर्गातील सर्वांत अबोल मूल त्या दिवसापुरते शिक्षक होते. ह्याहून अधिक प्रस्तावनेची गरज नाही.

कालव्यावरून मुलांना जिनिंगमध्ये न्यावे. आधी मालकांची परवानगी घ्यावी, आणि मुलांना यंत्रापासून व गंजीपासून दूर उभे करावे. तेथे कापसाचे दोन भाग होतात, एक रुई आणि दुसरा सरकी. १०० किलो कापसातून साधारणतः ३३ ते ३५ किलो रुई निघते; उरलेल्यात बहुतेक सरकी असते. रुई दाबून जी गाठ बांधतात ती सुमारे १७० किलोची असते. एवढ्यावरून गणिताचा एक उत्तम पाठ तयार होतो. एका गाठीस किती कापूस लागला? उत्तर सुमारे ५ क्विंटल येते. आता आपल्या घरचा कापूस किती झाला, आणि त्याच्या गाठी किती झाल्या, हे प्रत्येक मूल आपापल्या वहीत मांडू शकते. गाठ लोखंडी पट्ट्यांनी आवळली गेली, गाडीवर चढली आणि निघून गेली. येथे आपल्या गावचे कापसाचे ज्ञान संपते. खरा पाठ येथूनच सुरू व्हावयास हवा.

कालवा आणि गिरणी ह्या दोन गोष्टी आपल्याकडे वेगवेगळ्या दिसतात. परंतु ह्या दोन्ही एकाच जागी, एकाच्या पोटी दुसरी, अशा जेथे जन्मल्या, त्या स्थळी आता मनाने जाऊ. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मेरिमॅक नावाची नदी आहे. तिचे पाणी एका ठिकाणी सुमारे ३० फूट खाली उतरते. हा खडकाळ उतार टाळून लाकडाचे तराफे खाली नेता यावेत म्हणून १७९६ साली तेथे पॉटकेट नावाचा कालवा काढण्यात आला. तो केवळ वाहतुकीचा कालवा होता. पुढे दुसऱ्या एका कालव्याने ती वाहतूक ओढून घेतली आणि हा निरुपयोगी ठरू लागला. तेव्हा बोस्टनच्या काही व्यापाऱ्यांनी तो विकत घेतला, आणि १८२३ साली त्याच्या पाण्यावर कापडाची पहिली गिरणी सुरू केली. तराफे वाहणारे पाणी आता चक्र फिरवू लागले. त्या चक्राची गती दात्यांच्या चाकांनी आणि पट्ट्यांनी मजल्यामजल्यांवर चढत गेली, आणि पाण्याच्या बळावर शेकडो माग चालू लागले. वस्तीला फ्रान्सिस कॅबट लोवेल ह्याचे नाव देण्यात आले. ह्या गृहस्थाने इंग्लंडातील गिरण्या हिंडून पाहिल्या होत्या. यंत्रांचे आराखडे बाहेर नेण्यास तेथे बंदी होती, म्हणून त्याने यंत्रमागाची रचना स्मरणात साठवून आणली. पाहणे म्हणजे काय, ह्याचे हे उदाहरण मुलांना अवश्य सांगावे.

लोवेल गावी हळूहळू कालव्यांचे जाळे झाले आणि त्यांची एकूण लांबी साडेपाच मैलांच्या वर गेली. त्यांचा प्रमुख अभियंता जेम्स फ्रान्सिस होता. पाण्याचा अधिकांत अधिक उपयोग करणारे एक सुधारलेले चक्र त्याने १८४९ च्या सुमारास सिद्ध केले. त्याच्याच नावाने ओळखली जाणारी चक्रे आज जगभरच्या जलविद्युत् केंद्रांत फिरत आहेत. ह्याच फ्रान्सिसने कालव्याच्या मुखाशी अवजड लाकडी दरवाजा टांगून ठेवविला, तेव्हा लोकांनी त्याची थट्टा केली. १८५२ साली नदीला महापूर आला. दरवाजा खाली सोडण्यात आला आणि गाव वाचले. १९३६ च्या पुरातही तोच दरवाजा पुन्हा कामास आला. पैनगंगेचा पूर पाहिलेल्या आपल्या मुलांना ह्या गोष्टीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

इतके सांगून थांबलो तर ती पुन्हा माझी जुनीच सहल होईल. म्हणून मुलांना दोन प्रश्न विचारावयास शिकवावे. ही यंत्रे कोण चालवीत होते? आणि त्यांत पडणारा कापूस कोणाचा होता?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की आरंभीच्या काळात लोवेलच्या मागांवर बहुतांशी शेतकऱ्यांच्या तरुण मुली होत्या. घरचे कर्ज फेडावे, भावाच्या शिक्षणास हातभार लागावा, स्वतःच्या गाठीस चार पैसे असावेत, अशा हेतूंनी त्या गावे सोडून आल्या. घंटेच्या ठोक्यावर त्यांचा दिवस उगवे आणि मावळे. आठवड्यास सुमारे ७३ तास काम असे. तरीही त्या वाचीत, व्याख्याने ऐकत. १८४० पासून काही वर्षे त्यांच्याच लेखांचे एक मासिक निघत होते. १८३४ साली मजुरी घटविण्याचा बेत झाला तेव्हा त्यांनी काम बंद ठेवले, १८३६ साली पुन्हा ठेवले, आणि पुढे दिवसाचे काम दहा तासांचे असावे म्हणून त्यांनी अर्जावर अर्ज केले. ज्या मुलीने कधी गाव सोडले नव्हते, तिने सह्या गोळा केल्या. साक्षरतेचा ह्याहून चांगला पाठ मला ठाऊक नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक कठोर आहे. लोवेलच्या आसपास कापूस पिकत नाही. तो येई अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून, आणि तो पिकवीत व वेचीत असत ते गुलाम केलेले आफ्रिकी वंशाचे स्त्रीपुरुष. त्यांनी वेचलेला कापूस उत्तरेकडे जाई. लोवेलच्या गिरण्यांत त्याचे अन्य कापडाबरोबर एक जाडेभरडे स्वस्त कापडही विणले जाई, आणि ते कापड परत दक्षिणेस त्याच गुलामांच्या अंगावर घालण्यासाठी पाठविले जाई. त्या कापडाला ‘लोवेल’ हेच नाव पडले होते. वेचणाऱ्याकडून रुई गेली आणि त्याच्याच अंगावर गोणपाटासारखे कापड होऊन परत आली. मधल्या वाटेवरचा सारा नफा दुसऱ्यांचा. मुलांना हे सांगताना आवाज चढविण्याची गरज नाही. केवळ वाट नकाशावर काढून दाखवावी.

आता हा दूरचा मुक्काम आपल्या शेताशी कोठे येऊन मिळतो ते पाहू. १८६१ साली अमेरिकेत उत्तर व दक्षिण ह्यांच्यात यादवी युद्ध पेटले. दक्षिणेची बंदरे रोखण्यात आली. कापूस मिळेना तेव्हा लोवेलच्या गिरण्या थंडावल्या, आणि समुद्रापलीकडे इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात लाखो मजुरांवर उपासमारीची पाळी आली. तेथील गिरणीमालकांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली, आणि हिंदुस्थानात काळ्या मातीच्या वऱ्हाडाकडे. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेलेच होते. कापसाचा भाव कोणी कधी ऐकला नव्हता इतका चढला. ज्या रानात ज्वारी पिके त्या रानात पऱ्हाटी आली. कापसावर लक्ष ठेवण्यासाठी सरकारने खास अधिकारी नेमला. आपला केळापूर तालुका तेव्हा वणी जिल्ह्यात मोडत असे. जिल्ह्यास यवतमाळ हे नाव १९०५ साली मिळाले. वर्धा नदीपलीकडे हिंगणघाटची कापसाची पेठ नावाजलेली होती आणि तेथील लांब धाग्याच्या कापसाचे नाव विलायतेपर्यंत पोचले होते. १८६७ साली आगगाडी नागपुरास आली, आणि बैलगाडीच्या वाटेला लोखंडी वाट जोडली गेली.

परंतु १८६५ साली युद्ध संपले होते. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येऊ लागला, भाव कोसळले, मुंबईत सट्टा करणाऱ्या मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. रान मात्र कापसाचेच राहिले. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या दुष्काळांत, जे पीक खाता येत नाही त्याच्यावर विसंबणे म्हणजे काय हे आपल्या मुलुखाने भोगले. लोवेलच्या कालव्यातील चक्र थांबले, त्याचा धक्का हजारो मैलांवरील शेतास बसला. ज्यांनी ते शेत पेरले त्यांना लोवेल हे नावही ठाऊक नव्हते. आजही कापसाचा भाव जगाच्या बाजारात हलतो आणि त्याचे हादरे आपल्या वर्गातील रिकाम्या बाकांवर दिसतात. त्या काळच्या शेतकऱ्याला जे कळू शकले नाही ते त्याच्या पणतूच्या मुलाला कळावे, एवढी तरी प्रगती आपण केली पाहिजे.

तिसरा मुक्काम नागपूर. येथून सुमारे १५० किलोमीटर. मुलांना तेथे जुम्मा तलावाच्या काठी न्यावे. शुक्रवारी तलाव ह्या नावानेही तो ओळखला जाई. आता त्यास गांधीसागर म्हणतात. ह्या तलावाजवळील पाणथळ जागा जमशेटजी टाटा ह्यांनी गिरणीसाठी निवडली. मुंबईत तेव्हा गिरण्यांची दाटी होत चालली होती. मुंबईत गिरणी काढावी हा रिवाज सोडून त्यांनी विचार केला की कापूस जेथे पिकतो तेथेच गिरणी का असू नये? नागपूरभोवती कापूस होता, आगगाडी होती, वरोऱ्याच्या बाजूला कोळसा निघू लागला होता, आणि पाण्यास तलाव होता. असे सांगतात की तेथील एका सावकाराने, जमिनीत सोने पुरणाऱ्या माणसास मी पैसा देणार नाही, असे म्हणून भांडवल नाकारले. गिरणी भरभराटीस आल्यावर त्यानेच कबूल केले की ह्या गृहस्थाने जमिनीत माती घातली आणि सोने काढले.

१८७४ साली कंपनी स्थापन झाली आणि १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीस राणी व्हिक्टोरिया हिला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून गिरणीस ‘एम्प्रेस मिल’ हे नाव पडले. आरंभी सुमारे ३०,००० चात्या आणि ४५० माग होते. बेझनजी मेहता हे व्यवस्थापक रेल्वेतून आले होते. त्यांना सुताचे पूर्वज्ञान नव्हते, परंतु त्यांनी ते शिकून घेतले. पहिली यंत्रे हलकी निघाली तेव्हा ती बदलण्यात आली. ‘रिंग’ पद्धतीच्या नव्या चात्या इंग्लंडातील गिरण्या अजून स्वीकारीत नव्हत्या, त्या येथे १८८३ च्या सुमारास आजमावून पाहण्यात आल्या आणि यशस्वी ठरल्या.

लोवेलमध्ये पाणी चक्र फिरवी. नागपुरास ते वाफ होऊन यंत्र फिरवी. परंतु पाण्याचे आणखी एक काम होते, ते मुलांना मुद्दाम सांगावे. नागपूरचा उन्हाळा आपण जाणतो. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होते आणि पुनःपुन्हा तुटते. म्हणून गिरणीत हवा ओलसर ठेवण्याची योजना करावी लागे. घरी चरख्यावर वा टकळीवर सूत काढून, एकदा कोरड्या आणि एकदा ओलसर बोटांनी धागा ओढून पाहिला, की ही गोष्ट मुलांस प्रत्यक्ष पटते.

येथेही आपले दोन प्रश्न विसरता कामा नयेत. यंत्रे कोणी चालविली? आसपासच्या मुलुखातून आलेल्या श्रमिकांनी. त्यांत महार समाजातील लोक फार मोठ्या संख्येने होते. गिरणीच्या सुताकापडाने कोष्ट्यांच्या आणि इतर विणकरांच्या हातमागांवर गदा आणली, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की गावगाड्यात ज्यांना मानाचे काम नाकारले गेले होते त्यांच्या हाती गिरणीने रोख पगार दिला, आणि त्या पगारावर कित्येक घरांतील मुले प्रथमच शाळेची पायरी चढली. दोन्ही बाजू सांगाव्या. एकच बाजू सांगणे म्हणजे अर्धा धडा शिकविणे होय. १८७७ सालीच मजुरीच्या दरावरून ह्या गिरणीत काम बंद पडले. आपल्या देशातील नोंदल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या संपांत त्याची गणना होते. पुढे १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी निघाला. गिरण्यांत लहान मुलेही राबत असत. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई झाली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक राबविण्यास. म्हणजे आपल्या दुसरीच्या वर्गातील मूल तेव्हा नऊ तास गिरणीत उभे राहू शकत होते, आणि तीही सुधारणाच मानली जात होती! शाळेत बसण्याचा हक्क आकाशातून पडलेला नाही, हे मुलांना कळावे.

पुढे हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अकोला, अचलपूर येथेही गिरण्या निघाल्या. आपला कापूस आपल्याच मुलुखात विणला जाऊ लागला. परंतु एम्प्रेस मिल १९८६ साली डबघाईस येऊन राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली ती कायमची बंद झाली. तिच्या जागी आज व्यापारसंकुल उभे आहे. आपण मुलांना घेऊन गेलो तर तलाव दिसेल, भोंगा ऐकू येणार नाही. लोवेलच्या गिरण्याही विसाव्या शतकात बंद पडल्या. फरक इतकाच की १९७८ साली तेथील कालवे आणि गिरण्या राष्ट्रीय ठेवा म्हणून राखण्याचा कायदा झाला. आज तेथे मुलांना नावेतून कालवा दाखवितात, आणि जुन्या मागांची एक ओळ चालू ठेवली आहे. तो खडखडाट इतका की कानांत घालावयास बोळे देतात. त्या आवाजात उभे राहिल्यावर ७३ तासांचा आठवडा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

मग आपण नागपुरास जाऊन दाखवावे तरी काय? आपल्यापैकी कोणाच्याही मनात हा प्रश्न येईल. माझे उत्तर असे की गिरणी गेली असली तरी गिरणीतील माणसे अजून सर्व गेलेली नाहीत. आपल्या गावांतून गिरणीत, जिनिंगमध्ये, कापसाच्या बाजारात राबलेले वृद्ध आजही आहेत. मुलांनी त्यांच्याकडे जावे. कोणते खाते होते, पाळी किती वाजता भरे, पहिला पगार कशात खर्च झाला, हे विचारावे आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. आपली बोली असेल तर बोलीतच लिहावे. कोलामी वा गोंडी बोलणाऱ्या आजोबांचे बोल नातवाने मराठीत उतरवावे. अशी एक वही प्रत्येक शाळेत झाली, तर राष्ट्राने जे राखले नाही ते आपण पंचवीस पानांत राखले असे होईल. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही. कारण सांगणारे थांबत नाहीत.

सहलीच्या तयारीसंबंधी दोन शब्द सांगतो. कार्य सीतादहीच्या सुमारास आरंभावे, कारण तेव्हा घरोघरी कापूस असतो. प्रत्येक मुलाने एक मूठ कापूस आणावा, हातांनी सरकी वेगळी करावी, दोन्ही वजन करून पाहावे. गावापासून बाजार, बाजारापासून जिनिंग, तेथून पुढे, असा नकाशा भिंतीवर काढावा आणि जेथवर माहिती मिळेल तेथवरच रेघ ओढावी. पुढची जागा कोरी ठेवावी. ती कोरी जागाच मुलांना पुढे ओढते. प्रत्येक मुक्कामी तीनच प्रश्न विचारावे : येथे शक्ती कोठून येते? येथे हात कोणाचे आहेत? येथे किमतीत भर किती पडते आणि ती कोणाला मिळते?

ह्या शेवटच्या प्रश्नाच्या वेळी मात्र आपणांस फार जपावे लागेल. आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या दुःखाची वार्ता देशभर पोचली. २००६ साली विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्र सरकारने मदतीची योजना जाहीर केली त्यांत यवतमाळ होता. आपल्या वर्गात अशी मुले बसलेली असतात की ज्यांच्या घरी कापसाचा हिशेब हा केवळ हिशेब राहिलेला नाही. म्हणून घरच्या कर्जाविषयी वर्गात कोणालाही विचारू नये. आकडे घ्यावयाचे ते बाजाराचे घ्यावे, घरचे नव्हेत. एखादे मूल आपण होऊन बोलू लागले तर हातातील खडू खाली ठेवावा आणि ऐकावे. आणि एक गोष्ट त्याच्या मनावर निश्चित ठसवावी, ती ही की भाव पडला तो त्याच्या बापाच्या अंगच्या दोषाने पडला नाही. ज्या वाटेवर आपला कापूस जातो ती वाट लांब आहे, तिच्यावर पुष्कळ हात आहेत, आणि ती माणसांनीच घडविलेली आहे. माणसांनी घडविलेली गोष्ट माणसे बदलू शकतात. लोवेलच्या मुलींनी आणि नागपूरच्या गिरणीकामगारांनी ती थोडीफार बदलली.

त्या मुलीस मी आज काय उत्तर देईन? मी तिला त्या पेळूंच्या डब्यापाशी थांबवीन आणि म्हणेन, “बाई, ह्यातला तुमचा कापूस वेगळा काढून दाखविता यावयाचा नाही. तो साऱ्यांच्या कापसात मिसळून गेला. परंतु तो कोणत्या वाटेने आला आणि पुढे कोठे जाईल, हे आपण दोघे मिळून शोधून काढू.” उशीर झाला असता, गाडी कदाचित चुकली असती. परंतु ती सहल झाली असती.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या वर्गात अशी एक मुलगी आहे. तिचा प्रश्न येईल तेव्हा आपण हसून पुढे जाऊ नये, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.